शेळीनं खाल्लेली वायर

मी चतुराबाई हनुमान गर्जे, वय आधार कार्डावर ७१, खरं जास्त, काम शेती, एक गाय आणि एक शेळी, शाळा दुसरी नापास, राहणार तळ्याची वाडी, ता. पाटोदा, जि. बीड. ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

आमच्या वाडीत दूध संकलन केंद्र आहे. ते दस्तगीर चालवतो. मला चाची म्हणतो. दुधाचं फॅट, म्हणजे दुधात लोणी किती, ते मोजायचं मशीन तिथं एका वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेलं आहे. त्या आकड्यावर दुधाचा भाव ठरतो. माझी नात स्वप्नाली कॉम्प्युटरचं शिकलेली, दिवाळीला आली आहे. लई हुशार. साहेब म्हणतात नातीचं नंतर सांगा, पण तिच्याबिगर पुढचं कळायचं नाही.

आठवड्यापासून स्क्रीनवर मधूनच आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहायचा. स्वप्नालीनं वायरीतली चिप पाहिली. ती नक्कल निघाली, तीही अर्धवट. नवा आकडा मागायला मशीनला एक खूण करावी लागते. ती या चिपला येतच नाही, पण कॉम्प्युटरला "केली" म्हणून सांगते. स्वप्नाली म्हणाली, "आज्जी, अशा लई वायरी विकल्यात. कुणाकुणाला फेका म्हणणार? ड्रायव्हरलाच शिकवते." ड्रायव्हर म्हणजे गाडीचा न्हाई, वायरीशी बोलणारा प्रोग्राम. तिनं त्यात लिहिलं की आधी चिप पारखायची. खूण येत नसेल तर वेग एकदम कमी करून एक लांब शून्य पाठवायचं, मशीनला तीच खूण वाटते. मुक्या माणसानं टाळी वाजवून बोलवावं तसं.

दि. १२ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेसहाला आम्ही तो प्रोग्राम टाकायला निघालो. स्वप्नाली चार्जर विसरली म्हणून घरी परतली. मी पुढे गेले. माझ्या गाईचं दूध ३.६ लागलं. माझ्यामागं आश्रुबा सानप होता. त्याचं म्हशीचं दूध. तेही ३.६.

आश्रुबा म्हणाला, "काय बे, माझी म्हैस गाय झाली का?"

दस्तगीर म्हणाला, "भाऊ, पाच मिनिटं थांबा, स्वप्नाली येतीय. वायर खोटं बोलतीय."

"वायर न्हाई, तू."

असं म्हणून आश्रुबानं दुधाचा कॅन दस्तगीरच्या तोंडावर मारला. डावा डोळा फुटला. तो पडल्यावर छातीत लाथा घातल्या, उजव्या हाताची बोटं बुटाखाली रगडली. हाडाचा आवाज मी ऐकला. खाली सांडलेलं दूध लाल झालं. मी आश्रुबाच्या मनगटाला चावले. दात चारच आहेत, पण पुढचे आहेत. त्यानं मला भिंतीवर आपटलं.

तेवढ्यात स्वप्नाली आली. लोकांनी दस्तगीरला जीपमध्ये घातलं. स्वप्नालीनं कीबोर्ड ओढणीनं पुसला, प्रोग्राम टाकला आणि तीच वायर ठेवून आश्रुबाच्या कॅनमधलं उरलेलं दूध लावलं. ७.२. मग माझं, ३.६. परत त्याचं, ७.२. सगळ्यांनी पाहिलं, आश्रुबानंही. मी हसले. नात असावी तर अशी.

दस्तगीर मुद्दाम आकडे कमी दाखवतो, असा अर्ज आश्रुबाच्या घरच्यांनी दिला आहे. तो खोटा आहे. दस्तगीरला आता एकाच डोळ्यानं दिसतं. काल दवाखान्यात त्यानं विचारलं, "चाची, आकडा बरोबर आला का?" मी हो म्हणाले.

वायर कुठून आली हे मला कुणी विचारलं नाही. जुनी चांगली वायर माझ्या शेळीनं खाल्ली होती. दस्तगीर म्हणाला होता, "राहू द्या चाची, दुसरी मागवतो." मला लाज वाटली, म्हणून पाटोद्याच्या बाजारातून ही मीच आणली. साहेब म्हणाले, याची गरज नाही. नसली तरी लिहा.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. वायरीची ओळ मी दोनदा वाचायला लावली. सांगितलं तसंच लिहिलं आहे. अंगठा नको, सही करते. स्वप्नालीनं शिकवली आहे.