रांग चौदा, खुर्ची बावीस-तेवीस

— हो मॅडम, क्लिक केलं. दोनदा केलं, पहिल्यांदा चष्मा नव्हता. अख्ख्या स्टेडियममधून तुमच्या या वर्गात मी एकटाच, म्हणजे बाकीचे शहाणे निघाले, असू दे. स्पर्धेच्या तोंडावर हॅकर लोक असल्याच मेल पाठवतात, म्हणून तुम्हीच एक खोटी पाठवून आम्हाला जोखलंत — कळलं, मी काही दुधखुळा नाही. पण लिहिलं होतंत कसं? 'आपल्या अनेक वर्षांच्या सेवेबद्दल फायनलची दोन तिकिटं.' आता सत्तावीस वर्षं इथलं गवत मी कापतो, रेषा मी मारतो — मला वाटलं, झाली असेल आठवण कुणाला तरी. वाटणारच ना? पासवर्ड मागितला, दिला. तिकीट आलं, ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र आणि सगळं. छापून घरी नेलं. रांग चौदा, खुर्ची बावीस-तेवीस.

जाऊन बसलो ना मी तिथे, जेवणाच्या सुट्टीत. बावीसवर मी, तेवीसवर डबा. काय हिरवंगार दिसतं मैदान वरून — मला खालून नुसती टकलं दिसतात त्याची. आमच्या हिने तर एव्हाना गल्लीभर केलंय. सामना लागला की ही खेळ बघत नाही, टीव्हीच्या कोपऱ्यात मी दिसतोय का ते बघते. सत्तावीस वर्षांत एकदा माझं कोपर दिसलं, ते अजून सांगते मेहुणीला. तिकीट खोटं आहे हे तिला मंगळवारी सांगणार होतो. मग म्हटलं बुधवारी. आज शुक्रवार. फायनल परवा.

तुम्ही कॉम्प्युटरवाल्या म्हणून विचारतो — गेटवर तो कागद धरला की लाल दिवाच लागणार ना? एकदाच हिरवा नाही लागायचा? नाही, नुसतं विचारलं, लिहू नका ते. आणि मला काय करायचंय गेटशी? आमच्या यंत्रांच्या शेडला मागून दार आहे, त्याच्या कुलपाचे आकडे अकरा वर्षं तेच, एक-दोन-तीन-चार, आणि शेडमधून सरळ तुमच्या सर्व्हरच्या खोलीत जाता येतं, ते दार तर आम्ही दुपारी वीट लावून उघडंच ठेवतो, एसीची गार हवा येते — हेही लिहिताय? बरं. लिहा.

पण मागच्या दाराने आणायची असती तर केव्हाच नसती आणली तिला? तिला पुढून यायचंय मॅडम. कागद हातात घेऊन, रांगेत उभं राहून. कुणीतरी 'या, बसा' म्हणायला हवंय. वाईट वाटतं हो मला, फार वाटतं.

सही कुठे? इथे? 'सायबर सुरक्षा समजली' — समजली. एक कराल? तिला एक मेल पाठवाल? मी सांगितलं तर ती म्हणेल, तुम्हालाच न्यायचं नाही मला. तुम्ही लिहा — बावीस-तेवीस मोडल्यात, दिलगीर आहोत. वर 'आदरणीय' घाला. तुम्ही लिहिलेलं खरं वाटतं.

चला, गवताला पाणी सोडून आलोय.