सात वेळा परवानगी नाही

सन्माननीय अध्यक्षा महोदया, व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलंय ते आमच्या विभागाचे मोठे साहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, परीक्षा मंडळातले माझे सगळे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत खांबाच्या आड बसलेले आमचे मास्तर, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आत्ता पाच वाजून एकवीस मिनिटं झाली आहेत. साहेबांची सेवा साडेपाचला संपते, आणि माझं भाषण त्याआधी संपवायचा माझा विचार नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

मी मंडळाचा वेब सर्व्हर सांभाळते. ज्या संकेतस्थळावर मुलं निकाल बघतात, ते बंद पडू नये, त्यात नको त्याने हात घालू नये, हे माझं काम. इथे मला सगळे कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण भिंती पातळ आहेत. हे नाव मला कसं पडलं, त्यात साहेबांचा मोठा वाटा आहे. म्हणून आज त्यांचे आभार मानायलाच उभी राहिले आहे.

नव्या मंडळींना खरं वाटणार नाही, पण अकरा वर्षांपूर्वी आपल्या सर्व्हरवर जायला एकच नाव होतं, ॲडमिन. पासवर्डही एकच, आणि तो कॅलेंडरच्या मागे चिकटवलेला. बातम्या टाकणाऱ्या ताई ॲडमिन, मास्तर ॲडमिन, मी ॲडमिन, साहेब तर ॲडमिन होतेच. चहावाल्यालाही पासवर्ड पाठ होता, कारण आम्ही विसरलो की त्यालाच विचारायचो. आम्ही याला घरोबा म्हणत होतो. सर्व्हरच्या नोंदवहीत रोज शंभर कामं लिहिली जायची आणि प्रत्येकापुढे एकच नाव असायचं. काम कुणी केलं, हे त्या वहीला कधीच कळत नव्हतं.

मास्तर कोण, हेही सांगते. शाळेत शिकवलेलं नाही त्यांनी कधी. आम्हा सगळ्यांना सर्व्हर शिकवला, म्हणून मास्तर. मी रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, बटण दाबायच्या आधी हात मांडीवर ठेवायचा आणि काय दाबतोय ते मोठ्याने म्हणायचं." मी अजून म्हणते. शेजारचे हसतात, हसू देत.

त्या वर्षी निकालाच्या दिवशी अकरा वाजता निकाल लागला. अकरा बेचाळीसला आख्खं संकेतस्थळ गेल्या वर्षीच्या प्रतीवर गेलं. कुणीतरी "जुनी प्रत परत आणा" हे बटण दाबलं होतं. आपले बैठक क्रमांक दरवर्षी तेच असतात, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बावीस मिनिटं मुलांनी आपल्या क्रमांकापुढे दुसऱ्याच मुलांचे निकाल पाहिले. पास झालेल्यांनी नापास वाचलं. एका आईचा फोन मी स्वतः घेतला होता. ती बाई मुलाचा बैठक क्रमांक पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होती. मास्तरांनी बाविसाव्या मिनिटाला सगळं पूर्ववत केलं.

मग चौकशी समिती बसली. अध्यक्ष कोण? आजचे सत्कारमूर्ती. नोंदवहीत काय? ॲडमिन. त्या वेळी सर्व्हरच्या खोलीत कोण होतं? मास्तर. झालं, चौकशी संपली. साहेब मोठ्या मनाचे, त्यांनी मास्तरांना घरी पाठवलं नाही. सेवापुस्तकात ठपका ठेवला आणि तळघरातल्या भांडारात कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला बसवलं. दोन वर्षांनी मास्तर तिथूनच निवृत्त झाले. समारंभ झाला नाही. मी आणि बातमीवाल्या ताई, दोघींनी दारापर्यंत सोडलं.

आता माझं पाप सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढे बोलायचा मला हक्क नाही. त्या समितीचं इतिवृत्त मी लिहीत होते. नोंदवही माझ्यासमोर होती. बटण दाबण्याच्या दोन मिनिटं आधी त्याच ॲडमिनने "पदाधिकारी" हे पान उघडलं होतं, ज्यावर साहेबांचा फोटो असतो. त्या सकाळी ताईंनी तिथे साहेबांचा नवा फोटो लावला होता. निकालाच्या धांदलीत मास्तर साहेबांचा फोटो कशाला बघतील, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी नवी होते, नोकरी कच्ची होती. मी गप्प बसले आणि "सर्वानुमते" असं लिहिलं. तो शब्द अकरा वर्षं मला खातोय.

त्यानंतर मी एकच ध्यास घेतला. पासवर्डची चिठ्ठी फाडली. प्रत्येकाला स्वतःचं नाव दिलं आणि प्रत्येक कामाला एक भूमिका, म्हणजे त्या कामापुरताच अधिकार, ठरवली. बातमी लिहिणाऱ्याने बातमी लिहायची, सर्व्हरला हात लावायचा नाही. सर्व्हर चालू-बंद करणाऱ्याने निकाल बदलायचा नाही. ज्याने अर्ज केला त्याने तो स्वतःच मंजूर करायचा नाही. आणि ज्याला जे करायची परवानगी नाही, त्याने ते करून पाहिलं तरी तेही नावानिशी लिहून ठेवायचं. माणूस बदलला की भूमिका काढून घ्यायची, त्याच दिवशी, ठरल्या मिनिटाला.

साहेबांनी अर्थातच सगळे अधिकार मागितले. मी म्हटलं, साहेब, तुमच्या दर्जाच्या माणसाने स्वतः बटणं दाबायची? तुम्ही बघायचं आणि मंजुरी द्यायची. साहेब खूश झाले. भूमिकांचा तक्ता न वाचताच त्यांनी सही केली. तीन पानी तक्ता होता, वहिनी, मराठीतच होता.

आणि मग गेल्या वर्षीचा निकालाचा दिवस उजाडला. पदाधिकाऱ्यांच्या पानावर पुन्हा साहेबांचा नवा फोटो लागला होता. छायाचित्रकाराने दिवा वरून मारला होता, त्यामुळे डोक्यावरची विरळ जागा जरा जास्तच उजळली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी "जुनी प्रत परत आणा" दाबलं. परवानगी नाही. पुन्हा दाबलं. परवानगी नाही. असं सात वेळा. मग साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. शेजारी ऑपरेटर बसला होता. साहेब तावातावाने म्हणाले, "असं कसं होत नाही? मागे निकालाच्याच दिवशी मी हेच बटण दाबलं होतं, तेव्हा तर आला होता माझा जुना फोटो."

मी हात मांडीवर ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "कोणत्या वर्षी, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, ऑपरेटरकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं.

नाही साहेब, बसा. तुमचा सत्कार अजून पुरा व्हायचाय. तुम्हाला उत्तर द्यायचं असेल तर माझ्यानंतर हा माइक तुमचाच आहे. मास्तरांना त्या चौकशीत बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती, त्या मानाने आम्ही बरे.

तेव्हापासून मास्तरांवरचा ठपका रद्द करावा म्हणून मी तीनदा अर्ज केला. सोबत दोन्ही वर्षांच्या नोंदी जोडल्या, माझा आणि ऑपरेटरचा सही केलेला जबाब जोडला. मंजुरी द्यायची भूमिका साहेबांकडे. तीनदा शेरा आला, "पुरावा अपुरा." मला राग आला का? आला. मला वर जाऊन आरडाओरडा करता आला असता. पण मी थांबले. मला तारीख माहीत होती ना. तुमच्या निवृत्तीची तारीख तुमच्या घरच्यांनी मोजली नसेल इतकी मी मोजली आहे, साहेब.

माझ्याकडून ही छोटी भेट. कागद काढा ना. वहिनी, फ्रेममध्ये फोटो नाही. सात ओळी आहेत, साहेबांच्या पूर्ण नावासकट, वेळेसकट. भिंतीवर लावा, प्रकाश कुठूनही आला तरी चालेल.

साडेपाच वाजले. या मिनिटाला साहेबांच्या सर्व भूमिका निघाल्या आहेत. नवा विभागप्रमुख येईपर्यंत मंजुरीचा अधिकार अध्यक्षांकडे आहे. महोदया, माझा चौथा अर्ज तुमच्यासमोरच्या लॅपटॉपवर आलेला दिसेल. मी तो केलाय, म्हणून मला मंजूर करता येत नाही, आणि हा नियम मीच केलाय. तुम्ही सगळं वाचा. घाई नाही. मी उभी आहे.

आभारी आहे, महोदया. मला इथे दिसतंय. मंजूर, पाच वाजून चौतीस मिनिटं, आणि पुढे तुमचं नाव.

मास्तर, खांबाआडून बाहेर या. उशीर माझ्यामुळे झाला. इथे वर साहेबांची खुर्ची आत्ताच रिकामी झालीय, तिच्यावर बसा.

मंडळींनो, दहाऐवजी तेरा मिनिटं घेतली, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. बोलण्यात कुठे चुकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला, आणि घालणार नसाल तर चूक जरूर लिहून ठेवा. फक्त ती माझ्या नावावर लिहा.