अमेरिकेचा इतिहास, अबू धाबीपर्यंत

(सकाळी. शारजाहून अबू धाबीच्या अमेरिकन एम्बसीकडे निघालेली गाडी.)

प्रज्ञा : चूक, बाबा. साल बरोबर, गाव चूक. चहा कुठल्या गावाच्या समुद्रात फेकला?

भिकाजी : बोस्टन. हां, बोस्टन. सतराशे त्र्याहत्तर. इंग्रजांनी कर लावला म्हणून पेट्याच्या पेट्या पाण्यात. काय माणसं! चहावर राग काढतं का कोणी?

नर्मदा : तुम्ही काढता. साखर कमी पडली की.

भिकाजी : अगं, मी कप बाजूला सारतो. समुद्रात नाही टाकत.

प्रज्ञा : आई, तू मध्ये बोलू नकोस. बाबा, फोकस. दीड तासात आपण एम्बसीच्या दारात असू. सिव्हिल वॉर?

भिकाजी : अठराशे एकसष्ट ते पासष्ट. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे. लिंकन. गुलामांना सोडलं ते त्रेसष्टला. शेअर बाजार कोसळला एकोणतीसला, पर्ल हार्बर एक्केचाळीसला. हे झोपेतून उठवून विचार. गॅरेजात बदरुद्दीनला पण पाठ झालंय. मी मडगार्ड ठोकत साल म्हणायचं आणि त्यानं पुट्टी कालवत सांगायचं, त्या साली काय झालं ते.

नर्मदा : तुमच्या बहिणीनं अमेरिकेहून इतिहासाच्या पुस्तकाऐवजी तीन स्वेटर पाठवले असते तर उपयोग तरी झाला असता.

भिकाजी : प्रभावती उगाच पाठवेल का? व्हिसाच्या कागदांच्या गठ्ठ्यात घालून पाठवलंय, म्हणजे विचारणारच. तेरा वर्षं झाली तिनं आपल्याला तिकडे बोलवायचा अर्ज करून. प्रज्ञा चार वर्षांची होती. तेरा वर्षं रांगेत उभं राहायचं आणि खिडकीशी गेल्यावर सांगायचं, साहेब, लिंकन कोण ते ठाऊक नाही?

नर्मदा : कोट काढून ठेवा तो. तीनशे दिरहमचा, म्हणजे तेहेतीसशे रुपयांचा कोट, आणि शारजा सोडायच्या आत चुरगळला.

भिकाजी : राहू दे. अंगाला सवय होऊ दे त्याची.

प्रज्ञा : आणि ऑफिसरनं विचारलं, तिकडे काय काम करणार, तर?

भिकाजी : सांगायचं, बहिणीच्या यजमानांनी पेट्रोल पंपावर बघून ठेवलंय. गॅस स्टेशन म्हणायचं. काउंटरवर बसायचं, काचेच्या आड.

नर्मदा : बावीस वर्षं पत्रा सरळ करणारा माणूस काचेच्या आड बसून च्युइंगगम विकणार.

भिकाजी : मग? पोरीसाठी चाललंय ना हे. बारावी झाली की इथं काय आहे तिला?

प्रज्ञा : माझ्यासाठी असं म्हणू नका ना, बाबा.

भिकाजी : मग कोणासाठी म्हणू?

प्रज्ञा : नेक्स्ट क्वेश्चन. चंद्रावर किती जण गेले?

भिकाजी : पहिल्या खेपेला तीन. उतरले मात्र दोनच. तिसरा वरच घिरट्या घालत राहिला. ड्रायव्हर असणार बिचारा. एवढ्या लांब नेलं आणि गाडीतच बसवून ठेवलं.

प्रज्ञा : बाबा, हे ऑफिसरला सांगू नका, प्लीज. लास्ट. नाइन्टीन नाइन्टी-वन?

भिकाजी : कुवेतची लढाई. ती पुस्तकात कशाला बघू? आपण इथंच होतो. बाथरूममध्ये पाण्याचे कॅन रचले होते छतापर्यंत.

नर्मदा : शेजारची साजिदा तिच्या पोरांना घेऊन आपल्याकडे येऊन राहिली होती. तिचा नवरा तेव्हा जहाजावर. एका खोलीत आठ माणसं आणि सगळ्यांना मिळून एक पंखा.

भिकाजी : खरं तर बरे दिवस होते ते.

नर्मदा : लढाईचे?

भिकाजी : तसं नाही गं. जाऊ दे. यल्ला, प्रज्ञा, परत पहिल्यापासून. चहा.

(चार तासांनी. शारजाकडे परतताना, पेट्रोल पंपाच्या सावलीत उभी गाडी. तिघांच्या हातात कागदी कपात चहा.)

नर्मदा : आता तरी तोंड उघडा. बाहेर आलात, 'खलास' म्हणालात आणि गाडी सुरू केलीत. आम्ही दोघी तिथं खुर्चीवर बसून आमचं नाव कधी पुकारतात त्याची वाट बघतोय!

प्रज्ञा : हिस्टरीत अडकलात ना? मला माहीत होतं. माझीच चूक. प्रेसिडेंट्सचं पान मी नीट घेतलंच नाही.

भिकाजी : इतिहास विचारलाच नाही.

प्रज्ञा : व्हॉट?

भिकाजी : एक प्रश्न नाही. लग्नाचा दाखला बघितला, मेडिकल बघितलं, पोलिसांचं पत्र बघितलं. मी आपला उभा, मनात सालं घोळवत. शेवटी मीच म्हटलं, सर, हिस्टरी? तो म्हणाला, कसली हिस्टरी? मी खिशातून पुस्तक काढून काचेला लावलं. असा हसला, असा हसला, की शेजारच्या खिडकीवरची बाई बघायला आली.

प्रज्ञा : पण का?

भिकाजी : ते म्हणे तिकडचा नागरिक होताना विचारतात. जाऊन पाच वर्षं राहिलं की मग. व्हिसाला नाही.

नर्मदा : अगं बाई! म्हणजे तो लिंकन सहा महिने माझ्या घरात फुकटच राहिला?

प्रज्ञा : ओ माय गॉड. आत्यानं पुढच्या तयारीसाठी पाठवलं होतं!

भिकाजी : तशीच आहे ती. मी चौथीत होतो तेव्हा ही दुसरीतली पोर माझी पुस्तकं दडवून ठेवायची, पुढं आपल्याला लागतील म्हणून. आणि मास्तरांचा मार मी खायचो.

नर्मदा : ते राहू द्या. इतिहास नाही विचारला, तर मग तो नाही कशाला म्हणाला?

भिकाजी : तो नाही म्हणाला नाही.

नर्मदा : म्हणजे?

भिकाजी : ऐक ना. माणूस चांगला होता. म्हणाला, एवढा अभ्यास केलाय तर एक विचारतो. सगळ्यात आवडलं काय? मी म्हटलं, चंद्र. का? आता माझं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, सर, थ्री पीपल गो, थ्री पीपल कम बॅक होम. तो बघतच राहिला. मग त्यानं पेन खाली ठेवलं. हळू आवाजात विचारलं, मिस्टर शिगवण, डू यू वॉन्ट टू लिव्ह इन अमेरिका?

प्रज्ञा : आणि?

भिकाजी : आधी हात वर करून शपथ घ्यायला लावली होती. खरंच बोलेन म्हणून.

नर्मदा : अहो, काय बोललात?

भिकाजी : नो सर, म्हटलं.

प्रज्ञा : बाबा!

भिकाजी : तोंडातून निघून गेलं. मला माझाच आवाज ऐकू आला, तेव्हा कळलं की आपण बोललो. तो म्हणाला, घाई नको, फाइल वर्षभर ठेवता येते. मी म्हटलं, नको सर. ठेवलीत तर अजून एक वर्ष झोप नाही. सांगतील तिथं सही केली आणि बाहेर आलो. झालं. आता काय बोलायचं ते बोला. प्रभावतीची तेरा वर्षं, पोरीचं कॉलेज, सगळं दोन शब्दांत घालवलं मी. बोल की गं. रडतेस का?

नर्मदा : कोण रडतंय? हसतेय.

प्रज्ञा : दोन्ही करतेय. आई, चहा सांडतोय तुझा.

नर्मदा : सांडू दे. अहो, परवा मी साजिदाला मिक्सर दिला, मोठा टोप दिला, पुरणाचं यंत्र दिलं. म्हटलं, बाई, वापर, पण घासून वरच्या फळीवर ठेव, आणि कुणाला देऊ नकोस. ती म्हणते, भाभी, दे रही हो के अमानत रख रही हो? मी आपली यंत्राचं हँडल पुसत राहिले. ती बिचारी आत जाऊन वाटी घेऊन आली, शीरखुर्मा घातलेली.

भिकाजी : पुरणाचं यंत्र कशाला घेईल ती?

नर्मदा : तेच सांगतेय ना! घेतलं तिनं, कारण तिला कळलं. तुम्हाला नाही कळलं.

भिकाजी : मग बोलली का नाहीस मला?

नर्मदा : कशी बोलू? बहीण तुमची. दर गणपतीला तिचा फोन, दादा, नंबर आला का? मी मोडता घातला असता तर सगळं गाव म्हणालं असतं, वहिनीनं अडवलं.

भिकाजी : आणि मी आपला समजत होतो, तुला प्रज्ञासाठी जायचंय.

प्रज्ञा : मी सांगू? मला जायचं होतं. थोडंसं. बर्फ बघायचा होता, आणि ती मोठमोठी कॉलेजं. खोटं नाही बोलणार.

भिकाजी : बघ. मी म्हटलं ना.

प्रज्ञा : ऐका तरी. मला जायचं होतं, पण तुम्हाला त्या काचेमागे बसलेलं बघायचं नव्हतं. रुवैसहून तो अन्वरचाचा येतो ना पजेरो घेऊन? साडेतीनशे किलोमीटर, फक्त तुम्ही दरवाजावरून हात फिरवावा म्हणून. डोळे मिटून सांगता तुम्ही, इथं पुट्टी भरलीय, इथं पत्रा ओरिजिनल आहे. मी लहान असताना मला ती जादू वाटायची. तिकडे कोणाला माहीत असतं, माझे बाबा कोण आहेत?

भिकाजी : हे तू मला आज सांगतेस?

प्रज्ञा : तुम्ही इतका अभ्यास करत होतात, बाबा. रोज ड्यूटीवरून येऊन, डोळे लाल. मला वाटलं, तुमचं ड्रीम आहे.

भिकाजी : ड्रीम कसलं? भीती होती गं. खरं सांगू? हातात पुस्तक धरलं की बरं वाटायचं. तेवढा वेळ तरी पुढचं दिसायचं नाही. मला वाटायचं, नापास होईन आणि सुटेन. आणि मेलं सगळं पाठ होत गेलं.

नर्मदा : नापास व्हायला निघाला होतात, आणि मला रात्री दिवा मालवू देत नव्हतात!

प्रज्ञा : मी कॉलेजला पुण्याला जाईन. मला त्याचीही भीती वाटते, सांगून ठेवते. आय हॅव नेव्हर लिव्ह्ड देअर. दोन-दोन महिने सुट्टीला गेले तेवढंच. पण मधेमधे घरी येता येईल. तीन तासांचं तर विमान.

भिकाजी : घरी म्हणजे?

प्रज्ञा : शारजाला. अजून कुठल्या?

नर्मदा : पुसा ते तोंड. कोटाच्या बाहीनं नका पुसू.

भिकाजी : आता काय करायचाय कोट? हुश्श. छातीवरून जॅक काढल्यासारखं वाटतंय, खरंच. भूक लागली. सकाळपासून पोटात काही नाही.

नर्मदा : डब्यात घावणे आहेत. एम्बसीच्या बाहेर खाऊ म्हणून केले होते, तिथं तुमचा चेहरा बघून काढलेच नाहीत. घे गं, त्यांना दे. आणि प्रभावतीला कोण सांगणार?

भिकाजी : मीच. तिकडे आत्ता रात्र असेल. संध्याकाळी करतो फोन.

नर्मदा : काय सांगाल?

भिकाजी : जे त्या साहेबाला सांगितलं तेच. शपथ घेतलीच आहे, तर दिवसभर पुरवून वापरतो. रडेल गं ती. रागावली तर मला चालेल, पण ती रागवायची नाही. 'बरं दादा' म्हणेल आणि फोन ठेवेल.

प्रज्ञा : तेरा वर्षं कशाला मागे लागली होती ती आपल्या? आपण काय एवढे ग्रेट आहोत?

नर्मदा : ग्रेट कशाला लागतंय? तिचे यजमान सकाळी जातात ते रात्री येतात. मुलं मराठी बोलत नाहीत. घरात हाक मारायला कोण आहे तिला? माहेरचं माणूस हवं होतं, एवढंच.

भिकाजी : एकटी आहे ती. मला कधी लक्षातच आलं नाही. मी आपला नंबर मोजत बसलो.

नर्मदा : तेरा वर्षं ती 'या, या' म्हणतेय. आपण एकदा तरी तिला म्हटलं का, तू ये म्हणून?

भिकाजी : नाही म्हटलं.

प्रज्ञा : माझ्या खोलीत झोपेल की ती. मी हॉलमध्ये झोपेन.

भिकाजी : येईल ती?

नर्मदा : विचारून तर बघा. तिला अजून कुणी विचारलंच नाहीये.