वाकेरीचा डोंगर

(पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक वाडी. वाडीमागच्या डोंगरात आवडी आणि तिची धाकटी जाऊ जानकी. माघातली सकाळ.)

आवडी : हा वाकेरीचा वेल पण गेला. बघ, सोटमुळासकट उपटलाय.

जानकी : ऊन लागायला लागलं आक्का. खाली जाऊ या. बघत बसून काय परत येणार हाय का?

आवडी : थांब जरा. वर कातळापर्यंत बघते. दिवाळीनंतर आले तवा ह्या वेलाला तुरे लगडले होते, लालभडक. सासूबाईंनी जपलेला वेल हा. तुझ्या ओंकारच्या वेळेला ह्याचंच मूळ काढून तुला काढा दिलेला.

जानकी : आठवतंय.

आवडी : एकच मूळ काढलं त्यांनी, तेही बाजूचं. वर माती लोटली, पाला दाबला, नि मग कितीतरी वर्षं ह्या वेलाला हात लावू दिला नाय कुणाला. आणि आता हा खड्डा. कुणाचं काम असंल गो हे?

जानकी : मला काय म्हाईत? बाहेरचेच असतील कोणतरी. घाटाला बोगदा झाला, रस्ता मोठा झाला, कोण कुठनं येतंय काय कळतंय? गाडी लावायची, खणायचं, पसार व्हायचं.

आवडी : बाहेरच्यांना वाकेरी कळली?

जानकी : मोबाईलवर सगळं कळतं आता. फोटो काढला की झाडाचं नाव सांगतो तो.

आवडी : नाव सांगंल. पण हे बघ इकडं. वेल कोयत्यानं तोडलाय, नि काटेरी फांद्या कुठं टाकल्यात? वाटेवर नाय टाकल्या. गोल गुंडाळून कातळाच्या आड ठेवल्यात, वर दगड. गुराच्या पायात काटा जाऊ नये म्हणून. चोर असं करंल?

जानकी : असंल कोण शहाणा चोर.

आवडी : सगळ्या खड्ड्यांपाशी तसंच हाय. ही सवय सासूबाईंनी लावली, जानके. तुला नि मला.

जानकी : मुळ्या काढायच्या आपल्या गटातल्या बाकीच्या बायका पण तसंच करतात. तूच शिकवलंयस त्यांना.

आवडी : करतात. पण त्यांच्या पडवीत गोणी नव्हत्या. परवा मी विरजण मागायला आले तवा तुझ्या पडवीत गोणी होत्या, घोंगडीखाली. मी विचारलं तर म्हणालीस, शेणी हायत. शेणींना असला वास येतो?

जानकी : म्हणजे तुला तवाच कळलं होतं. मग एवढा चढ चढून मला इथं कशाला आणलंस? घरीच विचारायचं.

आवडी : घरी तू खोटं बोलली असतीस. वाटलं, इथं खड्ड्यापाशी उभी राहून तरी नाय बोलणार.

जानकी : आता काय, पाया पडू तुझ्या?

आवडी : नको. का केलंस ते सांग.

जानकी : जाणारच होतं सगळं. तुला सांगितलं नाय कुणी, कारण तुला सांगायची सगळ्यांना भीती वाटते. डोंगर विकलाय महिपतदादांनी. मुंबईची पार्टी हाय, फार्महाऊसचे प्लॉट पाडणार. पावसाच्या आधी जेसीबी लागणार नि हे सगळं वेलाबिलासकट खाली दरीत. मग जेसीबीनं काढण्यापेक्षा मी काढलं. काय चुकलं?

आवडी : तुला कुणी सांगितलं हे?

जानकी : महाडच्या राजेंद्रनं. तो टेम्पो घेऊन वाडी वाडी फिरतो ना, हिरडा न् गुळवेल घ्यायला, तो. म्हणाला, वैनी, वाट बघत बसाल तर हाताला माती पण लागायची नाय. माझा पण विश्वास नव्हता पहिला. पण मग मोजणीवाले आलेले मी डोळ्यांनी बघितले. दुर्बीण लावली, दगडांना चुना फासला. तो काय, तिकडं आंब्याखालचा दगड अजून पांढरा हाय. मग?

आवडी : मग मला येऊन सांगायचं.

जानकी : काय सांगायचं? तू काय म्हणाली असतीस? म्हणाली असतीस, थांब, चैताशिवाय कुदळ लावायची नाय, शेंगा वाळू देत, बी पडू दे. जेसीबीवाला थांबणार होता तुझ्या चैतासाठी?

आवडी : थांबच म्हणाले असते. नि उठून महिपतदादांना विचारलं असतं. अर्ध्या तासाच्या वाटेवर घर हाय त्यांचं.

जानकी : तू विचारशील गो. तुझं वजन हाय तिकडं. आम्हाला कोण विचारतंय? गेल्या साली, आपल्या मुळ्या घेतात त्या वैद्यांची मुलगी आली फोटो काढायला, काढले ते तुझे. आम्ही मागं गोणी धरून उभ्या. पेपरात काय आलं, आवडीबाईंनी राखलेला डोंगर. पाट्या आम्ही पण वाहिल्या ना? काट्यांनी हात माझे पण फाटलेत. तू राखायचं नि आम्ही तुझी परवानगी घ्यायची. जसा काय तुझ्या बापाचा डोंगर.

आवडी : बापाचा नाय. म्हणूनच नियम पाळायचा. आपल्या नावावर असता तर एखादवेळ चालला असता हावरेपणा.

जानकी : हावरेपणा कुणाला म्हणतेस? ओंकारची कंपनी बंद पडलीय एमआयडीसीतली. सकाळी उठून बसच्या टायमाला तयार होतो नि पायरीवर बसून राहतो. सून माहेरी गेलीय ती येण्याचं नाव घेत नाय. तुझे दोन्ही पोरगे मुंबईला कमावतात, तुला काय, तू डोंगर राख.

आवडी : ओंकारचं मला आधी सांगितलं असतंस तर...

जानकी : तर तू गटापुढं विषय काढला असतास. सगळ्या बायकांनी ऐकलं असतं, च् च् केलं असतं. तेच नको होतं मला.

आवडी : बरं. मुळ्यांचं काय झालं? राजेंद्रनं घेतल्या?

जानकी : घेतल्या थोड्या.

आवडी : नि बाकीच्या?

जानकी : परत टाकून गेला. म्हणाला, कच्च्या हायत, रस भरलेला हाय आत, वाळवताना बुरशी धरणार. आधी स्वतःच म्हणाला, आत्ताच्या आत्ता काढा. नि मग म्हणतो, कच्च्या. त्याच तुझ्या नाकाला लागल्या पडवीत.

आवडी : म्हणजे वेल गेले नि मुळ्या कुजतायत.

जानकी : बोल अजून. काय बोलायचंय ते बोलून घे. पण आवाज जरा हळू. खालनं कोणतरी येतंय.

आवडी : महिपतदादा हायत. डोंगराचा मालकच येतोय.

जानकी : आक्का, माझं नाव नको घेऊस. हवं तर बाहेरच्यांचं सांग. नाय तर काय बोलूच नको, मी बोलते.

आवडी : बस दगडावर. बसून राहा.

महिपत : आवडीवैनी, बरं झालं इथंच भेटलात. तुमच्याकडेच निघालो होतो. जानकी पण आहे वाटतं.

आवडी : या दादा. बघितलंत?

महिपत : मी आज बघतोय. माझ्या धाकट्या भावानं रविवारीच बघितलं. पुण्याहून आला होता. मी त्याला स्वतः वर घेऊन येणार होतो, पण गुडघ्यानं घात केला, तो एकटाच चढला. उतरला तो हसतच उतरला.

आवडी : हसत?

महिपत : म्हणजे कसं झालं, तुम्हाला मुळापासून सांगतो. आमची वाटणी चालली आहे दोघा भावांची. त्यासाठी मोजणी आणली. मुंबईचे लोक दोन वर्षं मागे लागलेत, डोंगर द्या म्हणून. भाऊ कधीचा तयार आहे. मी सही करत नव्हतो.

जानकी : विकलेला नाय म्हणजे?

महिपत : कोण म्हणालं विकला? माझ्या सहीशिवाय कसा विकेल? मी भावाला सांगत होतो, अरे, डोंगर रिकामा नाही. वाडीच्या बायका त्यातून चार मुळ्या काढतात, पण अशा काढतात की वेल जागचा हलत नाही. उतारावर माती धरून आहे, खाली घरं आहेत. आपल्या आईला त्यांच्याच सासूनं जगवलं. तो म्हणायचा, दादा, हे सगळं तुझ्या डोक्यातलं आहे. मी म्हणालो, ये आणि डोळ्यांनी बघ. आणि तो आला.

आवडी : नि हे बघून गेला.

महिपत : मला म्हणाला, हेच का तुझ्या बायकांचं राखणं? मी काय उत्तर देऊ? तुम्हीच सांगा, मी त्याला काय सांगायला हवं होतं?

जानकी : दादा, पण तो राजेंद्र तर म्हणाला...

महिपत : कोण राजेंद्र? टेम्पोवाला? तो माझ्याकडे आला होता दसऱ्याच्या सुमाराला. माणसं लावून डोंगर खणायची परवानगी मागत होता. मी अंगणातूनच परत पाठवला. त्यानं खणलं का हे?

जानकी : आक्का, ऊन वाढलं, चल खाली.

महिपत : वैनी, कोणी खणलं?

आवडी : जानकीनं.

महिपत : हिनं?

आवडी : हिनं एकटीनं. गटातल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नाय. मलाही आज कळलं, पक्कं असं. राजेंद्रनं तिला सांगितलं, डोंगर विकलाय. तिनं मोजणी बघितली न् खरं धरलं. तिला डोंगर बंद करा दादा, तिनं पाऊल टाकायचं नाय इथं. बाकीच्यांना शिक्षा नको.

महिपत : वैनी, तुमच्यातल्या कोणी केलं ते कळून मला काय करायचंय? मी डोंगर हिला दिला नव्हता, तुम्हालाही एकटीला दिला नव्हता. गटाला दिला होता, शब्दावर. कागद नव्हता त्याचा.

आवडी : चुकलं ते आम्ही भरून काढू. बी हाय माझ्याकडं मागच्या सालचं. पावसाच्या तोंडावर सगळ्या जणी येऊन लावू.

महिपत : धरतील किती? आणि मूळ धरायला किती वर्षं? तोवर भाऊ थांबेल असं तुम्हाला वाटतं?

आवडी : तुम्ही थांबवलं तर थांबंल.

महिपत : मी आजवर तुमच्या जोरावर थांबवत होतो. तोच जोर राहिला नाही. मी म्हातारा माणूस, रोज फोनवर त्याच्याशी भांडू कशाच्या आधारावर? त्यानं कागद पाठवलेत. आता मी सही अडवणार नाही. तेच सांगायला निघालो होतो.

आवडी : दादा.

महिपत : नका बोलू काही. मलाही बरं वाटत नाही. आणि आजपासून वर कुणी चढायचं नाही. उद्या त्या लोकांची माणसं फिरू लागतील, एखादीला काही वेडंवाकडं बोलली तर मला चालणार नाही. गटातल्या बायकांना तुम्हीच सांगा. येतो मी. उतरायला मला वेळ लागतो.

जानकी : दादा, हात देऊ का? उतार हाय.

महिपत : नको. काठी आहे.

जानकी : गेले.

आवडी : हं.

जानकी : नाव घेतलंस माझं.

आवडी : घेतलं.

जानकी : मी सांगितलं होतं, घेऊ नको.

आवडी : ऐकलं होतं मी.

जानकी : काय मिळालं त्यानं? वाटलं होतं तुला, माझं नाव घेतलं की डोंगर राहील तुझा?

आवडी : वाटलं होतं.

जानकी : नि आता संध्याकाळपर्यंत वाडीत सगळ्यांना कळंल. महिपतदादा नाय सांगायचे. तू सांगशील. गटाला सांगावंच लागंल तुला.

आवडी : सांगावं लागंल.

जानकी : ओंकारला पण कळंल मग. त्याला मी म्हटलंय, गटाचं काम होतं, आवडीकाकूनंच सांगितलं. म्हणून तर तो आला खणायला.

आवडी : ओंकार आला होता?

जानकी : नाय तर माझ्या एकटीच्यानं एवढं झालं असतं? खूश होता पोरगा. कितीतरी दिवसांनी हाताला काम लागलं म्हणून. काटे त्यानंच गुंडाळून ठेवले. म्हणाला, आजी असंच करायची.

आवडी : मला हे नको होतं ऐकायला.

जानकी : मला पण सांगायचं नव्हतं. काय करतेस गो? कशाला बसलीस खाली?

आवडी : खड्ड्यात तळाशी मुळाचा तुकडा राहिलाय. कुदळीनं तुटलेला. ओल हाय अजून त्यात.

जानकी : अगो, दादांनी आत्ताच सांगितलं, चढायचं नाय म्हणून.

आवडी : ते अजून आंब्यापर्यंत पण पोचले नायत. बघ ना, तिथं टेकलेत. ते खाली पोचेपर्यंत हा एक बुजवून होईल.

जानकी : एक बुजवून काय होणार?

आवडी : माहीत नाय. ती माती लोट तिकडनं. ढेकळं नको, बारीक लोट. नि पाला आण थोडा.

जानकी : एवढा पुरे?

आवडी : अजून आण. दाबू नको पायानं. हातानं दाब.

जानकी : फुटंल का गो ह्यातनं?

आवडी : फुटलं तरी आपल्याला कोण सांगायला येणार हाय? चल, ऊठ. तुझ्या पडवीतल्या त्या मुळ्या आधी उन्हात टाकू.