टीव्हीसमोरची दही-साखर

आमच्या हरिशंकरपुरम मोहल्ल्यातल्या नंदूसमोर टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचा विषय काढू नये. काढलात तर हातातला चहा गार होतो. त्याचं मत एकच. आपण लहानपणी ज्यांच्या फोटोंचे पत्ते खेळायचो ते खरे पैलवान, आणि आत्ताची पोरं नुसती नट. "कोण जिंकणार ते आधीच लिहून ठेवलेलं असतं," असं तो म्हणतो.

तर त्याचा तो लहानपणचा लाडका पैलवान परवा शेवटची कुस्ती खेळणार होता, एका नव्या पोराशी. आपल्याकडे ती सकाळी दिसणार, म्हणून मी आंघोळ उरकून त्याच्याकडे गेलो. बघतो तर परीक्षेला जाताना पोरांच्या हातावर ठेवतात ती दही-साखर, वाटीत घालून टीव्हीसमोर ठेवलेली.

त्याची मुलगी सलोनी त्या नव्या पोराची फॅन. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर म्हणता ना, सब लिखा हुआ रहता है."

"त्या पोरांचं. ह्याचं नाही."

थोड्याच वेळात त्या पोराने म्हाताऱ्याला उचलून आपटलं आणि कुस्ती संपली. नंदूने शांतपणे टीव्ही बंद केला.

"ठरलेलंच होतं," तो म्हणाला. "लिहूनच आणलेलं."

"फिर दही किसके लिए रखा था?" सलोनीने विचारलं.

नंदूने वाटी उचलली आणि चमच्याने दही खायला लागला.

"लिहिणाऱ्यासाठी," तो म्हणाला. "म्हटलं, सुबुद्धी सुचेल."