परत गेलेलं ताट

डॉरीन : बघू नकोस तिच्याकडे. बघितलंस की ती येईल विचारायला.

क्लिफर्ड : मी कुठे बघतोय? मी बिअर पितोय.

डॉरीन : दुसरा ग्लास आहे हा. अजून एकही वाजला नाही.

क्लिफर्ड : मग काय करू? ही मटणाची पाई घशाखाली उतरवायला काहीतरी पाहिजे की नको? ग्रेव्ही नाही ही, समुद्र आहे समुद्र.

डॉरीन : मग सांग ना हेस्टरला. बोलव आणि सांग, बाई गं, तुझ्या नवऱ्याच्या हातून मीठ फार पडतंय.

क्लिफर्ड : हळू बोल! असं कुणी सांगतं का?

डॉरीन : चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेस. आवाज तीन गावांत ऐकू जायचा. आणि आता 'खारट' एवढी तीन अक्षरं तोंडातून निघत नाहीत.

क्लिफर्ड : ते वेगळं. मेंढ्यांना वाईट वाटत नाही. आणि बार्नबी माझ्या वर्गातला आहे, डॉरीन. तीस वर्षं दर गुरुवारी त्याच्या या पबमधलं मीठ खातोय आपण.

डॉरीन : हो ना. आणि तीस वर्षांचं उरलंसुरलं आज एकदम वाढलंय त्यानं.

क्लिफर्ड : होतं एखाद दिवशी. माणूस आहे.

डॉरीन : एखाद दिवशी? जानेवारीपासून चाललंय. आता सप्टेंबर लागला. दर गुरुवारी तू दोन घास खातोस, बाकीचं मी रुमालाआड पर्समधल्या पिशवीत भरते आणि घरी नेऊन पिकलला घालते. गेल्या गुरुवारी ते कुत्रंसुद्धा वाटीपाशी गेलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून बाहेर निघून गेलं. काय बघितलं माझ्याकडे! मला लाज वाटली.

क्लिफर्ड : कुत्र्याला काय जातंय. त्याला पुढच्या गुरुवारी इथे तोंड दाखवायचं नसतं.

डॉरीन : पुढचा गुरुवार राहतोय का ते बघ आधी. बाजाराचा दिवस आहे आज. बाहेर चौकात पाय ठेवायला जागा नाही, आणि इथे मोज. आपण दोघं, खिडकीशी ते चीजवाले फ्लेचर बंधू, आणि कोपऱ्यातली ती म्हातारी, ती तर नुसता चहा पितेय. पूर्वी या वेळेला आपण ग्लास हातात धरून उभे असायचो, कुणीतरी उठेल म्हणून.

क्लिफर्ड : सगळे पलीकडे त्या नव्या ठिकाणी जातात. तिथे ताट देत नाहीत म्हणे, पाटीवर वाढतात. शाळेत लिहायची पाटी असते ना, ती. ग्रेव्ही ओघळून मांडीवर येते आणि लोक वर फोटो काढतात.

डॉरीन : मांडीवर येते, पण खारट नसते. माझी बहीण सांगत होती.

क्लिफर्ड : तुझी बहीण गेली तिथे? इथलं सोडून?

डॉरीन : सगळे गेले, क्लिफर्ड. कुणी इथे काही बोललं नाही, उठले आणि गेले. आली बघ ती. तोंड पूस.

हेस्टर : काय मंडळी, सगळं ठीक ना?

क्लिफर्ड : छान! एकदम छान!

डॉरीन : हो... छान आहे.

हेस्टर : आणि ग्रेव्ही?

क्लिफर्ड : ग्रेव्हीचं तर विचारूच नकोस!

हेस्टर : विचारतेय ना पण. मी बसू का इथे दोन मिनिटं?

डॉरीन : बस की. तीस वर्षांत कधी बसली नाहीस. काय झालं? बार्नबी बरा आहे ना?

हेस्टर : बरा आहे. उद्या बिअर कंपनीचा माणूस येतोय. जागा त्यांची ना. बार्नबीनं पत्र लिहून ठेवलंय, उद्या त्याच्या हातात देणार. नाताळपर्यंत पब सोडतोय म्हणून.

क्लिफर्ड : सोडतोय? बार्नबी? काय डोकंबिकं फिरलंय का त्याचं?

हेस्टर : गिऱ्हाईकच नाही तर कुणासाठी रांधायचं, म्हणतो. आपला काळ गेला, लोकांना आता पाटीवरचं आवडतं. मी मनात म्हटलं, आधी तुम्हाला विचारते. तुम्ही इथले जुने. सांगा मला, लोक का येत नाहीत?

क्लिफर्ड : त्याचं असं आहे... मुख्य म्हणजे चौकात गाडी लावायला जागा नसते.

हेस्टर : गाड्या सगळ्या चौकातच लागल्यात, क्लिफर्ड. लोक त्यातून उतरून पलीकडे जातात.

क्लिफर्ड : शिवाय यंदा हवा... ऑगस्टमध्ये तर फारच...

डॉरीन : क्लिफर्ड, पुरे. मीठ, हेस्टर. मीठ फार असतं. जानेवारीपासून.

हेस्टर : हो.

डॉरीन : हो म्हणजे?

हेस्टर : हो म्हणजे मला ठाऊक आहे. मीही तेच जेवते ना. रोज दोन वेळा.

क्लिफर्ड : मग तू त्याला...

हेस्टर : जानेवारीत ताप आला होता ना त्याला, त्यात नाकाचा वास आणि जिभेची चव दोन्ही गेली. कांदा करपून काळा होतो तरी त्याला पत्ता नसतो. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, अरे, मीठ जरा जास्त झालंय. त्यानं एप्रन काढून ठेवला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसला. बर्फ पडत होतं. मला म्हणाला, स्वयंपाक्याची जीभ गेली, आता राहिलं काय माझ्यात? दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, आज कसं आहे? मी म्हटलं, आज बरोबर आहे. तेव्हापासून रोज बरोबरच आहे.

डॉरीन : अगं बाई.

हेस्टर : माझ्या तोंडून परत निघेना, डॉरीन. त्या पायरीवर पुन्हा बसवायचं त्याला? म्हटलं, गिऱ्हाईक सांगेल. परक्यानं सांगितलेलं वेगळं असतं, त्याला कामातली चूक म्हणून घेता येईल. कुणीतरी एक ताट परत पाठवेल. आठ महिने मी वाट बघतेय एका ताटाची.

डॉरीन : या गावात? इथे माणूस गार सूप पिऊन आचाऱ्याचे आभार मानून जातो.

हेस्टर : प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारते, सगळं ठीक ना? प्रत्येक जण म्हणतो, छान.

डॉरीन : आम्हाला वाटायचं, विचारायचं म्हणून विचारतेस.

हेस्टर : पूर्वी तसंच विचारायचे. जानेवारीपासून खरंच विचारत होते.

क्लिफर्ड : आवाज तोच होता गं तुझा.

हेस्टर : दुसरा कुठून आणू? आणि तुमचं तर विशेष आहे, क्लिफर्ड. बाकी कुणाचं तो विचारत नाही. गुरुवारी मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो. क्लिफर्ड काय म्हणाला? संपवलं का त्यानं? मी रिकामं ताट दाखवते. म्हणतो, शाळेपासून ओळखतो मी त्याला, तोंडावर खोटं बोलणाऱ्यातला नाही तो. तुमच्या जिभेवर भरवसा ठेवून मीठ घालतोय तो आठ महिने.

क्लिफर्ड : आणि मी ते कुत्र्याला घालतोय.

हेस्टर : काय?

डॉरीन : काही नाही. क्लिफर्ड, ताट दे तिच्याकडे.

क्लिफर्ड : कोणतं ताट?

डॉरीन : समोरचं. दोन घास खाल्लेलं. परत पाठव.

क्लिफर्ड : डॉरीन, मी जन्मात कधी ताट परत पाठवलेलं नाही. माझ्या वडिलांनी पाठवलं नाही. आपल्या लग्नाच्या जेवणात माशात सेफ्टी पिन निघाली होती, आईनं ती रुमालात गुंडाळून ठेवली आणि मासा छान झालाय म्हणाली.

डॉरीन : ठाऊक आहे. मी शेजारीच बसले होते.

क्लिफर्ड : पुन्हा जाऊन बसेल तो पायरीवर. माझ्यामुळे.

हेस्टर : बसेल कदाचित. पण उद्या ते पत्र दिलं की आम्हाला पायरीसुद्धा राहणार नाही.

क्लिफर्ड : काय सांगशील त्याला?

हेस्टर : तुम्ही सांगाल ते. माझं काही घालणार नाही त्यात.

क्लिफर्ड : सांग... थांब, पाणी पितो. सांग, क्लिफर्डनं ताट परत पाठवलंय. खारट आहे. खाववत नाही. आणि आधी बोललो नाही ते माझं चुकलं. एवढंच. नाही, हेही सांग, वरचं आवरण नेहमीसारखं खुसखुशीत झालंय. ते खरंच झालंय हं, उगाच नाही म्हणत.

हेस्टर : सांगते.

(हेस्टर ताट घेऊन स्वयंपाकघरात जाते. बराच वेळ दार हलत नाही.)

क्लिफर्ड : काही आवाज येतोय का?

डॉरीन : नाही.

क्लिफर्ड : मागचं दार वाजलं का?

डॉरीन : नाही म्हटलं ना. खाली बस.

क्लिफर्ड : काय वाटत असेल त्याला? आठ महिने गावभर सगळ्यांना ठाऊक, आणि एकट्या त्यालाच नाही. मी शाळेतला मित्र म्हणवतो स्वतःला.

डॉरीन : तू एकटाच नाहीस. मी तर पिशवी घेऊन यायचे घरून, तयारीनं. धुऊन, वाळवून.

क्लिफर्ड : त्याला कुणीतरी चाखून सांगणारं लागेल. रोज सकाळी. मी येऊ शकतो. मला काय काम आहे?

डॉरीन : तू? तुझी साक्ष बघितली आठ महिने.

क्लिफर्ड : मग तू ये बरोबर.

डॉरीन : येईन. मला आता 'खारट' म्हणायला काही वाटत नाही. आली बघ. रडलीय वाटतं.

क्लिफर्ड : काय झालं? पायरीवर गेला का?

हेस्टर : नाही. ताट समोर ठेवलं आणि तुम्ही सांगितलंत तसंच सांगितलं. ताटाकडे बघत राहिला. म्हणाला, क्लिफर्डनं पाठवलं? म्हटलं, हो. म्हणाला, म्हणजे फारच असणार.

डॉरीन : आणि ते पत्र?

हेस्टर : फाडलं नाही. उद्या देत नाही म्हणाला. चाखायला माणूस मिळतो का बघू, मग ठरवू.

डॉरीन : माणसं दोन मिळालीत, सांग त्याला. तुला काही बोलला?

हेस्टर : विचारलं, तुला माहीत होतं? मी म्हटलं, हो. पहिल्यापासून? म्हटलं, हो.

डॉरीन : मग?

हेस्टर : मग म्हणाला, म्हणजे आठ महिने तू हे जेवत होतीस?

क्लिफर्ड : एवढंच?

हेस्टर : एवढंच. मला स्टुलावर बसवलं आणि दोन अंडी फोडली तव्यावर. म्हणाला, मीठ तुझं तू घाल. जाते मी, गार होतील.