अकरावा पाय

— नाई हो काका, चपला राहू द्या, इथं कोण काढते! बसा न. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा हाये — पाय बनवायचं केंद्र अन् खुर्चीलेच पाय नाई, हैदराबादचे सारू, साहेब लोक, आले की दरवेळी हसतात. इकडं बसा, उन्हात. अन् मले मॅडम कायले म्हणता? प्रगती म्हणा. चंपतची पोरगी म्हणा — अठरा वर्षं माह्या बापानं तुमच्या वांग्याच्या वाडीले पाणी देल्लं, माय माही, पंचफुला, तुमच्याच बांधावर निंदत होती, अन् आता मी मॅडम? लाजवू नका. चार निरोप धाडले तवा आले तुमी! सपनावहिनीले सांगून सांगून थकली मी — मामंजीले म्हणा, इचोड्याच्या केंद्रावर पाय घेऊन या, तपासणी हाये. तिले हसूच आलं. म्हणे, ते पाय घेऊनच जातात की सगळीकडं.

काऊन बोलावलं? सांगते न. काही नाई, सादी तपासणी — तो पाय काढा अन् ठेवा टेबलावर, नवा तयार हाये, तुमच्याच मापाचा, हा पाहा. — काय झालं? चांगला चालते? मले माहीत हाये चांगला चालते, तक्रार कोण करून राह्यलं! नाक्यावर ट्रकनं पाय नेला तवा तुमी म्हणत होते आता वाडी संपली, अन् आता म्हणे विहिरीत उतरता तुमी, मोटरीपर्यंत, बावीस पायऱ्या. वहिनीनं सांगितलं, मोठ्या कौतुकानं. त्या दिवशी माह्या गळ्याखाली घास उतरला नाई. — आनंदानं, हो, आनंदानंच. दुसरं काय असल?

हलका हाये न? हलकाच असणार, त्याच्यासाठीच तर एवढा पसारा. बाहेर पाटी पाह्यली न तुमी, दोन निशाण्या हायेत तिच्यावर — एक सरकारची, एक कंपनीची. सरकारनं शेड देल्लं, भट्टी देल्ली. कंपनीनं कापड देल्लं अन् शिकवणारे देल्ले. अर्धं याचं, अर्धं त्याचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशातली गत. हे जे काळं कापड हाये न, ज्याचे थर भट्टीत भाजून पाय बनते, ते राळेत भिजवलेलंच येते, म्हणून मोठ्या फ्रीजमधी ठेवा लागते, उणे अठरावर. बाहेर राह्यलं की आतल्या आत सुकत जाते. दिसत काही नाई वरून. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते पाहा त्याची, भाकर थापाले गेलं की कडा तडकतात — तसं. मंग त्याचे थर एकमेकाले धरत नाई. म्हणून प्रत्येक गुंडाळीले कार्ड बांधलेलं — किती तास बाहेर होती, कोणी काढली, दस्तखत. सरकारवाल्याले वाटते कार्ड कंपनीवाला पाहते, कंपनीवाल्याले वाटते सरकारवाला पाहते. पाहत कोणीच नाई. लिहिणारी मी एकटी, अन् फ्रीजची किल्लीही माह्याचजवळ.

तर त्या एका गुंडाळीचं काय झालं — एप्रिलमधी करंट गेला होता इथं. तीन दिवस. — तुमच्याकडं नव्हता गेला? भीमपूरची लाइन येगळी असल. — नाई. नाई काका, थांबा. खोटं हाये ते. इथंही नव्हता गेला, अन् गेला असता तरी जनरेटर हाये. सात-आठ महिने झाले मी हेच करंटचं घोकून राह्यली, कोणी विचारलं तर सांगाले, अन् विचारलं मात्र कोणीच नाई. पहिल्यांदा बोलली ते तुमच्यापुढं, अन् तोंडात टिकलं नाई.

जयंती होती. आमच्या बायांनी ठरवलं, यंदा भीमपूरच्या चौकात पाण्याचा मांडव घालायचा, साऱ्या गावासाठी, जो येईल त्याच्यासाठी. चव्वेचाळीस डिग्री ऊन. मी म्हटलं, पाणी द्यायचं तर असं द्यायचं की दात सळसळले पाह्यजे. माह्या मायनं बांधावर ओंजळ धरून पाणी पेलं, वरून कोणी ओतल तवा — तुमी नाई ओतलं, तुमच्या आईच्या काळी — जाऊ द्या, मी त्याचं नाई बोलून राह्यली. मी माह्या मिजाशीचं बोलून राह्यली. बर्फ इचोड्यात भेटत होता, काका. नाक्यावर, पोत्यात गुंडाळून, पाह्यजे तेवढा! पण मले माह्या फ्रीजचा पाह्यजे होता. माह्या किल्लीचा. शनिवारी सायंकाळी एक मोठी गुंडाळी काढून पत्र्याखाली ठेवली अन् तिच्या जागी पाण्याचे डबे भरले. मंगळवारी सकाळी परत आत घातली. साठ तास. हात लावला तवाच समजलं, रोज बोटाले चिकटते ते कापड त्या दिवशी चिकटलं नाई. कार्डावर एक अक्षर लिहिलं नाई मी.

अन् तुमी आले होते न त्या दिवशी? कुबड्या टेकत, साऱ्या चौकादेखत. माह्या हातचा गिलास घेतला, अन् वरून नाई — ओठाले लावला. मंग म्हणे, प्रगती, अजून एक दे, दात कळकळले पाहा. लोक पाहतच राह्यले. माय माही घरी जाऊन रडली, खुशीनं, तिले तर वाटलं आता मरण आलं तरी चालल. मलेही वाटलं, साठ तासांचं काय एवढं. त्याच गुंडाळीतून तुमचा पाय कापला, काका.

चाचणी? होते न चाचणी, झाल्याशिवाय कोणाले पाय देत नाई. भट्टीतून माल निघाला की त्याच कापडाची एक पट्टी मशीनवर मोडून पाहायची. पाह्यली मी. अर्ध्या वजनातच गेली. — तेच तर सांगून राह्यली! मशीनवर मी एकटी होती. जुन्या, चांगल्या गुंडाळीची पट्टी घेतली, ती मोडली, तिचा आकडा लिहिला, खाली दस्तखत केली. बर्फ ही चूक होती. पट्टी ही चूक नव्हती. मले वाटलं, नाई मोडणार. माणूस चालते म्हणजे काय मशीनएवढं वजन थोडंच टाकते.

अन् दिवाळीत तलमडुगूच्या प्रयागबाई ओट्यावरून पडल्या. त्याच गुंडाळीचा पाय, उभा चिरला, मनगट मोडलं. इथंच बसल्या होत्या, तुमी बसले तिथंच, हात गळ्यात बांधून. मलेच म्हणे, माहंच वजन वाढलं बाई, तुमच्या पायाचा काय दोष. अन् मी काय म्हटलं, माहीत हाये? मी म्हटलं — हो मावशी, जरा भात कमी करा. असं म्हटलं मी. चांगल्या आवाजात म्हटलं. तवापासून आरशात पाहून कुंकू — नाई, ते सोडा.

अकरा पाय निघाले त्या गुंडाळीचे. प्रयागबाईंचा धरून दहा परत आणले मी. नवा रंग आला, बदलून घ्या, असं सांगत गावोगाव फिरली, अन् एकेक करून करवतीवर कापून टाकले. आता दाखवाले काहीच उरलं नाई. फक्त हा. हा तुमी टेबलावर ठेवला की मी सुटली — घ्या, हेही बोलून गेली. हे सांगायचं नव्हतं तुमाले. नुसता बदलून द्यायचा होता, चहा पाजायचा होता अन् बसमधी बसवून द्यायचं होतं. काका, शिव्या द्या. चंपतच्या पोरीनं असं केलं म्हणा.

— काढता? हळू, पट्टा आधी सोडा, मी सोडू? — बरं, तुमीच सोडा. आता हा नवा घाला. नको? याची पट्टी विनय सारूनं — हैदराबादचे मोठे साहेब, सध्या इथंच हायेत — सोता मोडली, माह्या हातानं नाई, शपथ सांगते — बरं. बरं. नका घालू. कुबड्या हायेत कोपऱ्यात, ह्या घ्या. पाणी तरी घ्या एक गिलास, माठातलं हाये, फ्रीजचं नाई. — तेही नको?

पाय ठेवा न टेबलावर. काखेत कायले धरता? — कोणाची खोली? विनय सारूची? ... उजव्या हाताले. शेवटचं दार. उघडंच असते. — अहो, पडाल! दोन कुबड्या अन् वरून हा पाय, कसं जमल तुमाले? द्या इकडं. द्या म्हणते न. भेऊ नका, करवत तिकडं डाव्या हाताले हाये, तिकडं नाई नेत. तुमी पुढं व्हा. मी घेऊन येते मागून.